सदतिसाव्या भागाचा खुलासा

“पोथीत दोन गोष्टी जुळेनात, तर पोथी खोटी म्हणायची नाही, सारजे. आपलं वाचन अपुरं म्हणायचं आणि पुन्हा पहिल्या पानापासून बसायचं.”

पाचोडला चातुर्मासभर पुराण सांगणाऱ्या वडिलांचं हे सांगणं सारजाबाईंना चाळीस वर्षांनंतरही जसंच्या तसं ऐकू यायचं. आता वडील हे अठरा पुराणांबद्दल बोलले होते, ‘अंतराळगस्त’ या एकशे आठ भागांच्या पुस्तकमालेबद्दल नव्हे, हे सारजाबाईंनाही कळत होतं. पण वडील वर गेलेले, त्यांना विचारायचं कसं? आणि विचारलं असतं तरी ते आधी म्हणाले असते, “एकशे आठ? म्हणजे जपमाळेइतके? मग बस.”

तर सारजाबाई बसल्या. का बसल्या, ते सांगायला हवं.

‘अंतराळगस्त’ ही बसस्टँडवरच्या स्टॉलवर मिळणारी चौसष्ट पानी पुस्तकं. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव एकच, पण आत लिहिणारे हात निदान पाच असावेत, आणि त्या पाचांनी एकमेकांचं काही वाचलं असावं असा पुरावा नाही. कथानायक कप्तान प्रभंजन. त्याचं यान ‘वायुवेग’. यानावर खटपटे नावाचा एक यंत्रमानव. सारजाबाईंचे यजमान गोकुळराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अव्वल कारकून, यांनी खुलताबादच्या स्टँडवर सोळाव्या वर्षी पहिला भाग घेतला, तो अर्ध्या वाट्यानं. दुसरा अर्धा वाटा वर्गमित्र कडुबाचा. पुढं कडुबा एसटीत ड्रायव्हर झाला, गोकुळराव खात्यात चिकटले, दोघांची लग्नं झाली, दोघेही शहरात आले. पण भाग निघाला की आधी गोकुळरावांनी वाचायचा आणि मग तो कडुबाच्या घरी जाऊन परत यायचा, हा नेम चुकला नाही. कडुबाच्या घरी तो मालनबाई वाचायच्या. त्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जात होत्या. सराव म्हणून मोठ्यानं वाचायच्या, आणि ड्युटीवरून आलेला कडुबा डोळे मिटून ऐकायचा.

मालनबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. आठ महिन्यांपूर्वी, सिडकोतल्या याच घराच्या ओसरीवर, दोघा मित्रांचं वाजलं. विषय असा की सदतिसाव्या भागात कप्तान प्रभंजन मेला की नाही.

“मेला!” गोकुळराव म्हणाले. “जळून मेला. मी स्वतः वाचलंय.”

“मग अडतिसाव्यात संत्रं कोण सोलायलंय?” कडुबा म्हणाला.

“तोतया! अडतीसपासून एकशे आठपर्यंत सगळा तोतयाचा कारभार आहे.”

“सत्तर भाग तोतया? गोकुळ, तुला काय कळतं का? अरे, पांढरी नाव आली ना शेवटी. नावंत बाई होती. तिनं नेलं त्याला.”

“अंतराळात नाव? आणि नावेत बाई?” गोकुळराव हसायला लागले. “कुठं वाचलंस?”

“वाचलं नाय. ऐकलं. मालननं वाचून दाखवलं.”

“मग तुझी मालन खोटं वाचत होती!”

चहाचे कप घेऊन दारात आलेल्या सारजाबाईंनी हे वाक्य ऐकलं. कडुबानं चप्पल घातली, “येतो वहिनी” म्हणाला आणि गेला. कपातला चहा तसाच राहिला. सारजाबाई अन्न टाकत नाहीत, म्हणून तो त्यांनी दुपारी गार प्यायला, आणि त्या दिवशी त्यांना संध्याकाळपर्यंत आंबट ढेकर येत होते.

पुढचे आठ महिने कडुबाला कसे गेले हे माहीत नाही. सारजाबाईंना कसे गेले ते त्या रोज देवाला सांगत. आधी गोकुळराव संध्याकाळी पाच ते सात मुकुंदवाडीला कडुबाकडे असत. आता ते पाच ते सात स्वयंपाकघरात उभे राहू लागले. नुसते उभे. “कोथिंबीर एवढी का चिरतेस?” “गॅस मोठा आहे.” “डबे उंचीप्रमाणे लावायला हवेत.” सारजाबाईंचा सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि रोजचं पोथीवाचन हे सगळं मिळून जेवढी तपश्चर्या होत नव्हती, तेवढी या दोन तासांत होऊ लागली.

त्यातच भाजीबाजारात कडुबाची लेक विशाखा भेटली. शिक्षिका आहे. म्हणाली, “काकू, माझी बदली झाली नांदेडला. शाळा सुरू व्हायच्या आत जाणार. बाबांनाही नेणार कायमचं. त्याआधी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेते.”

“तुझे बाबा काही म्हणाले?” सारजाबाईंनी विचारलं. मग पुन्हा नीट विचारलं, “म्हणजे आमच्या ह्यांच्याबद्दल काही म्हणतात का?”

“नाव घेत नाहीत. पण पाच वाजले की दाराकडं बघतात.”

सारजाबाईंनी त्याच दिवशी संकल्प सोडला. एकशे आठ भाग, रोज दोन, अनुक्रमानं, मध्ये खंड नाही. जिथं म्हणून विसंगती दिसेल तिथं वहीत खुलासा लिहायचा, आणि सदतिसाव्याचा असा खुलासा शोधायचा की दोघंही खरे ठरतील.

सुरुवात चांगली झाली. स्नान, देवपूजा, रोजची पोथी, आणि मग पाटावर ‘अंतराळगस्त’. चौथ्या भागात कप्तानाचा काचेचा डोळा डावा होता, नवव्यात उजवा. सारजाबाईंनी वहीत लिहिलं : ‘नवव्यात तो आरशासमोर उभा असावा.’ ‘वायुवेग’ यान पहिल्या भागात तीन मजली होतं, अकराव्यात सात मजली. याला तर खुलाशाचीही गरज नव्हती. सिडकोत राहणाऱ्या माणसाला मजले कसे वाढतात हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. उपकप्तान आधी कृष्णा होता, मग केशव झाला : ‘देव एकच.’ एका ग्रहाला दोन चंद्र होते, पुढं तीन झाले. त्यावर त्या दोन दिवस विचार करत होत्या. शेवटी लिहिलं : ‘तिसरा अधिक असावा. अधिक मास येतो तसा.’ खटपट्याला बाराव्यात भावना नव्हत्या आणि एकोणिसाव्यात तो ढसाढसा रडला : ‘संगतीचा परिणाम.’

जिथं काहीच चालेना तिथं वडिलांचा शब्द उपयोगी आला. एका पुराणात गोष्ट अशी, दुसऱ्यात तशी, असं झालं की वडील हात जोडून म्हणायचे, “कल्पभेद!” म्हणजे त्या युगचक्रात तसं घडलं, या युगचक्रात असं. दोन्ही खरंच.

“ही पळवाट आहे,” गोकुळराव वहीत डोकावून म्हणाले. “आमच्या खात्यात असा शेरा चालला नसता.”

“तुमच्या खात्याला चार युगं नव्हती,” सारजाबाई हळूच म्हणाल्या आणि पान उलटलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या लक्ष्मीबाई कुंपणावरून म्हणाल्या, “कोणतं पारायण लावलंत? आम्हाला सांगितलं नाही ते.”

सारजाबाई खोटं बोलत नाहीत. “एकशे आठ भाग आहेत,” एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळात इतका मऊ की ‘गॅस संपला’ असं म्हणाल्या तरी ऐकणाऱ्याला स्तोत्र वाटतं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई चार जणींना घेऊन हजर.

“याचं फळ काय हो?” एकीनं विचारलं.

“बोलणं बंद झालेली दोन माणसं बोलायला लागावीत, म्हणून वाचतेय.”

पाचव्या दिवशी सुनांशी न बोलणाऱ्या तीन सासवा आल्या. सहाव्या दिवशी त्यांच्या सुना. त्या सासवांच्या उलट्या दिशेला बसल्या, पण बसल्या. मंगळावरच्या बंडाच्या वेळी सगळ्यांनी डोळ्याला पदर लावला. खटपटे तर फारच जिव्हाळ्याचा झाला.

“दिवसभर राबतो बिचारा, आणि म्हणे त्याला भावना नाहीत!” लक्ष्मीबाई हळहळल्या.

“आमच्याकडं माझ्याबद्दल हेच म्हणतात,” एक सून म्हणाली. सासूनं तिच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

गोकुळरावांची मात्र पंचाईत झाली. ऐन अकरा वाजता बनियनवर बाहेर आले, तर समोर अठरा बायका, आणि त्यातल्या एकीनं त्यांच्या हातात नारळ दिला. “कप्तानासाठी,” ती म्हणाली.

“अहो, ही विज्ञानकथा आहे! विज्ञान!” गोकुळराव नारळ धरून म्हणाले.

“असू द्या भावजी,” लक्ष्मीबाई समजुतीनं म्हणाल्या. “आम्ही काही फार सोवळं मानत नाही.”

पंचेचाळीस वर्षं खाकी वेष्टनात जपलेल्या विज्ञाननिष्ठेवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली पाहून गोकुळराव दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तेवढाच सारजाबाईंना पाच ते सात आराम.

मग बद्रीनाथ आले. मागच्या गल्लीतले, तहसील कचेरीतून निवृत्त. जगातला कुठलाही पेच कागदानं सुटतो आणि कागदाला कागद जोडला की कायमचा सुटतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी खुलाशाची वही चाळली आणि म्हणाले, “वहिनी, मामला साधा आहे. इसम एक, पण तपशिलात तफावत. याला शपथपत्र लागतं. माझ्या स्वतःच्या नावाची तीन शपथपत्रं आहेत. बद्रीनाथ, बद्रिनाथ आणि बद्री.”

हे मात्र गोकुळरावांना पटलं. तोतयाची बाब एकदा कागदावर आली की कडुबाला बोलायला जागा उरणार नाही. दोघं कोर्टाजवळच्या एका नोटरीकडं गेले. तिथं काय झालं ते गोकुळरावांनी कधीच सांगितलं नाही. बद्रीनाथांनी मात्र सगळ्या गल्लीला सांगितलं.

“मयत कोण?” नोटरीनं मान वर न करता विचारलं.

“कप्तान प्रभंजन.”

“तुमचं नातं?”

गोकुळरावांनी विचार केला. “पंचेचाळीस वर्षांची ओळख.”

“मृत्यू कुठं झाला?”

“शनीच्या पलीकडं.”

“हद्द कुणाची येते? तिथल्या ग्रामसेवकाचा दाखला आणा.”

“तसा दाखला निघणार नाही. कारण पुढच्याच भागात तो संत्रं सोलताना दिसतो.”

नोटरीनं तेव्हा मान वर केली. “मग हयातीचा दाखला काढा. काका, एका माणसाचा एक तर मृत्यूचा दाखला निघतो, नाही तर हयातीचा. दोन्ही निघाले तर पेन्शन बंद होते.”

शेवटचं वाक्य गोकुळरावांच्या वर्मी लागलं. ते घरी आले, पंखा लावला आणि भिंतीकडं तोंड करून पडले. “माणूस मेला की नाही, एवढंच विचारायला गेलो होतो,” भिंतीला म्हणाले.

इकडं सारजाबाईंचे छत्तीस भाग झाले आणि एकोणिसाव्या दिवशी पारायण अडलं. सदतिसावा भाग घरात नव्हताच. कडुबाकडं गेला होता तो तीस-पस्तीस वर्षांत परत आला नव्हता. बायका येऊन बसल्या होत्या. “पुढचा घ्या,” एक म्हणाली. पण अनुक्रम मोडायचा नाही, असा संकल्प. गुडघे दुखत होते, त्या दिवशी चतुर्थी, पोटात फक्त पाणी. सारजाबाईंना क्षणभर वाटलं, हे सगळं आपण कशाला अंगावर घेतलं? पुरुषांनी भांडावं आणि बायकांनी खुलासे लिहावेत, हे कोणत्या कल्पात ठरलं? मग त्यांनी बायकांना पेढा देऊन परत पाठवलं, पिशवी घेतली आणि रिक्षानं मुकुंदवाडी गाठली.

विशाखानं दार उघडलं. “काकू! या. आज चतुर्थी ना तुमची? केळं देते.”

घरात अर्धं सामान खोक्यांत भरलं होतं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली मालनबाईंचा फोटो होता, तेवढा अजून काढला नव्हता. कडुबा काळा चष्मा लावून खुर्चीत बसला होता.

“जय भीम, वहिनी. बसा. तुमच्याशी आमचं भांडण नाय.”

“ते माहीत आहे, भावजी. मी सदतिसावा भाग न्यायला आले. माझं वाचन अडलंय.”

“तुम्ही वाचायला? प्रभंजन?” कडुबाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं असावं, कारण विशाखा थबकून बघू लागली. “विशाखे, मालनच्या पेटीत बघ. खाली, साडीत गुंडाळलेलं आसंल.”

पुस्तक निघालं. कडुबानं ते हातात घेतलं, अंगठ्यानं कडा चाचपल्या, उघडलं नाही.

“तुम्ही कधी बघितलं नाही यात?” सारजाबाईंनी विचारलं.

“नाय. गोकुळ म्हणला तसं आसंल छापलेलं, तर आसू द्या. आपल्याला ऐकलेलं बरं हाय.” पुस्तक सारजाबाईंच्या हातात देत तो म्हणाला, “तेव्हा मी नागपूरच्या गाडीवर होतो, वहिनी. चार-चार दिवस घरी येणं नाय. आलो की ती म्हणायची, हात धुवा, पुढचं वाचते.”

सारजाबाई उठल्या. दारापर्यंत आल्यावर मागून त्याचा आवाज आला.

“डॉक्टर म्हणले महिनाभर वाचायचं नाय. विशाखाला टाइम नाय. एवढा एक भाग जायच्या आधी ऐकायची लई इच्छा हाय. कुणी वाचून दाखवलं तर. मी काय कुणाला बोलवायलो नाय.”

“कळलं, भावजी.”

रिक्षातच सारजाबाईंनी शेवटचं पान उघडलं. छापलं होतं : ‘कप्तान प्रभंजन ज्वाळांत दिसेनासा झाला. पुढे काहीच उरले नाही. समाप्त.’ या तीन वाक्यांवर पेन्सिलीची एक नाजूक रेघ होती. आणि खाली, समासात, वर्गात पहिल्यांदा पाटी मिळालेल्या मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं :

‘तेवड्यात पांडरी नाव आली. नावेत बाई होती. ती म्हनाली ऊशीर झाला बसा. कप्तान बसला. घरी भाकर गरम होती.’

रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, “ताई, किधर लूँ? सीधा?” दुसऱ्यांदा त्यांना ऐकू आलं.

घरी गोकुळराव स्वयंपाकघरात उभे होते. पाच वाजले होते. सारजाबाईंनी ते पान त्यांच्यासमोर धरलं. गोकुळरावांनी आधी छापलेलं वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर विजय आला. “बघ, मी म्हणत होतो...” मग नजर खाली समासात गेली.

ते खाली बसले. स्टुलावर नाही, फरशीवर, डब्यांना टेकून. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं. नोकरीत दुसऱ्यांच्या टिपणांतले ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. खिशात लाल पेन कायम. त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला आणि तिथंच छातीवर राहिला.

“खोटं वाचत होती म्हणालो मी,” ते म्हणाले. “तिनं लिहिलंय हे. लिहून ठेवून वाचलं.”

“हो.”

“त्यानं बघितलंय?”

“उघडलंच नाही कधी. पण जायच्या आधी हा भाग ऐकायचाय त्यांना. कुणी वाचून दाखवला तर. बोलवत नाहीत कुणाला, असंही म्हणाले.”

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी गोकुळराव गॅस मोठा आहे असं म्हणाले नाहीत. मग मोबाईल मागितला आणि विशाखाला फोन लावला. खाकरले. खात्यातल्या आवाजात बोलायला गेले, तो आवाज काही आला नाही.

“बाळ, गोकुळकाका बोलतोय. बाबांना सांग, उद्या दहाला येतो म्हणावं. वाचायला. नक्की येतो.”

तिकडून काय उत्तर आलं ते सारजाबाईंना कळलं नाही. फोन ठेवल्यावर गोकुळराव म्हणाले, “मागून कुणीतरी ओरडलं, साडेनऊला ये म्हणावं.”

रात्री वहीत सदतिसाव्या भागासमोर काय लिहावं, याचा सारजाबाईंनी थोडा वेळ विचार केला. मग जागा कोरीच ठेवली, आणि चंद्रोदय झाल्यावर उपास सोडला.

सकाळी गोकुळराव नऊलाच तयार. इस्त्रीचा सदरा. पुस्तक त्यांनी धुतलेल्या रुमालात गुंडाळलं, पुन्हा सोडलं, ओसरीवर उभ्या उभ्या शेवटचं पान ओठांत दोनदा म्हणून बघितलं. कुंपणापलीकडून लक्ष्मीबाईंनी विचारलं, “भावजी, कुठं निघालात?” त्यांनी ऐकलंच नाही. दारात बूट घालता घालता ते थांबले.

“अगं, इथं तिनं ‘तेवड्यात’ लिहिलंय,” खालच्या आवाजात म्हणाले. “ ‘म्हनाली’ लिहिलंय. कसं वाचू?”

सारजाबाईंच्या हातात देवाची फुलं होती.

“लिहिलंय तसं वाचा,” त्या म्हणाल्या.

गोकुळरावांनी मान हलवली. खिशातला लाल पेन काढून कोनाड्यात ठेवला, पुस्तक छातीशी धरलं आणि ओठ हलवत हलवत रिक्षाच्या दिशेनं चालू लागले.